जिवाचा घोर आणि संत्र्याचा वास

चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे एक खोड लागली आहे. कोणी 'पूर्वापार' म्हटले की माझ्या तोंडून लगेच निघते, "म्हणजे नेमके केव्हापासून?" निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी ही खोड गेलेली नाही. घरातली मंडळी आता माझ्यापुढे तो शब्द जपूनच वापरतात!

पण बाजाराला कोण आवरणार? हल्ली औषधांच्या दुकानात लहान लहान तपकिरी बाटल्या दिसतात. संत्र्याचे तेल, लिंबाचे तेल, नारिंगाच्या फुलांचे तेल. मनाचा ताण जातो, काळजी दूर होते, झोप लागते, आणि हे सारे 'पूर्वापार' चालत आले आहे, असे बरोबरच्या कागदावर छापलेले असते. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांतही तेच.

यात माझे लक्ष जायचे कारण घरातलेच आहे. माझी एक भाची (नाव सांगत नाही, ती हे वाचणार आहे, पण तिला विचारूनच लिहिते आहे) गेली दोन वर्षे एका त्रासात आहे. बसल्या जागी छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, आता आपले काही खरे नाही असे वाटते. सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत आहे. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी पुष्कळ उतार पडला. मध्यंतरी तिला एक निरोप आला की जपानमध्ये लिंबू-संत्र्याच्या वासाने रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या. तिचा लगेच फोन. "मावशी, तू इतिहासाची. हे जुने आहे म्हणतात, ते खरे का? मग मी गोळ्या सोडू का?"

प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचे उत्तर गमतीवारी देण्यासारखे नव्हते. मी डॉक्टर नाही. मात्र 'जुने आहे का' एवढे तरी माझ्या आवाक्यातले होते. म्हणून दोन महिने वाचत बसले, नातवाकडून काही शोधनिबंध छापून घेतले. हाती लागले ते इथे मांडते.

सुरुवात अगदी मुळापासून करू. लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस, महाळुंग हे सारे एकाच कुळातले. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात या कुळाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांताचा पश्चिम भाग, या पट्ट्यात आहे. मूळ घराणी मोजकी. त्यांतली तीन महत्त्वाची: पपनस, महाळुंग आणि जुने रानटी संत्रे. बाकीचे बहुतेक त्यांच्या सोयरिकीतून जन्मले. पपनस आणि संत्रे यांच्यापासून आंबट नारिंग. नारिंग आणि महाळुंग यांच्यापासून युरोपातले मोठे पिवळे लिंबू. आपले कागदी लिंबू हे महाळुंग आणि एका रानटी जातीचे लेकरू. एखाद्या जुन्या वाड्यातल्या गणगोतासारखाच हा प्रकार आहे, कोण कोणाचा मावसभाऊ हे सांगता सांगता दमायला होते!

आता मनाकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे दहा-दहाचे गट केलेले आहेत. त्यांतल्या एका गटाचे नाव 'हृद्य'. या गटात आंबा, अंबाडा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब अशा फळांबरोबर मातुलुंग आहे. मातुलुंग म्हणजेच आपले महाळुंग. 'हृद्य' म्हणजे हृदयाला हितकर. पण आयुर्वेदात हृदय हे मनाचेही ठिकाण मानलेले आहे, आणि मराठीतसुद्धा आपण 'हृद्य सोहळा' म्हणतो तेव्हा मनाला भिडणारा असाच अर्थ घेतो.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. सगळी फळे आंबट! नुसती नावे घेतली तरी तोंडाला पाणी सुटते. आणि माणूस घाबरला की काय होते? तोंडाला कोरड पडते. परीक्षेच्या वर्गावर देखरेख करताना हे मी हजारदा पाहिले आहे. प्रश्नपत्रिका हातात पडायच्या आधी मुले सारखी ओठांवरून जीभ फिरवत असतात. कोरड्या तोंडाला आंबट फळ देणे हा साधा अनुभवच त्या यादीच्या मागे असेल का? हा माझा आपला तर्क, शास्त्र नव्हे. पण विचार करावा असा आहे खरा.

महाळुंग हे फळ आता बाजारात फारसे दिसत नाही. ओबडधोबड, जाड सालीचे, आत रस थोडा, पण वास असा की एक फळ खोलीत ठेवले तर दोन दिवस खोली दरवळते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जी चार वस्तू आहेत त्यांत गदा, ढाल आणि पानपात्र यांच्याबरोबर हेच फळ आहे. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

इथून हे कुळ पश्चिमेकडे निघाले. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी लिहितो की नारिंगाचे झाड हिजरी सन ३०० नंतर (म्हणजे इ. स. ९१२ च्या पुढे) हिंदुस्थानातून आणून प्रथम ओमानात लावले, तिथून ते बसऱ्यामार्गे इराक आणि सिरियात गेले. पुढे तो एक फार मार्मिक गोष्ट नोंदवतो. हिंदुस्थानात या फळाला जो सुवास आणि रंग होता तो तिकडे राहिला नाही, कारण तिकडची हवा, माती, पाणी वेगळे. हजार वर्षांपूर्वीचा माणूस फळाच्या वासाची अशी चौकशी करतो म्हणजे त्या वासाला किंमत होती हे उघड आहे.

झाडाबरोबर नावही गेले. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांखा', आणि शेवटी इंग्रजांचे 'ऑरेंज'. खुद्द 'नारंग' शब्दाचे मूळ द्राविडी असावे असे भाषातज्ज्ञ मानतात. आपल्या 'संत्रा' शब्दाचा संबंध पुष्कळ जण पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाशी लावतात. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळे सांगताना याचे नाव घेतले आहे, आणि बाबर वारला १५३० साली. पोर्तुगीज किनाऱ्यावर येऊन तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षे झाली होती. इतक्या लवकर पोर्तुगीज गावाचे नाव आग्र्यापर्यंत पोचले असेल? मला शंका आहे. असो.

अकराव्या शतकातला थोर हकीम इब्न सिना याने हृदयावरच्या औषधांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात महाळुंगाची साल आहे. युनानी वैद्यकात अशा औषधांना 'मुफर्रिह' म्हणतात, म्हणजे आनंद देणारी. आपले 'हृद्य' आणि त्यांचे 'मुफर्रिह', दोन्ही ठिकाणी हृदय आणि मन यांच्यात भिंत घातलेली नाही.

चीनमध्येही हेच कुळ मनाच्या दुखण्यात दिसते. तिथे संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षे जपून ठेवतात. सातव्या शतकातल्या वैद्य सुन सिमियाओच्या ग्रंथात एक काढा आहे, त्यात संत्र्याची साल आणि कच्चे नारिंग दोन्ही पडतात. तो कशासाठी? तर मोठ्या आजारातून उठल्यावर झोप येत नाही, माणूस भित्रा होतो, त्यासाठी. आजारपणानंतर येणाऱ्या भित्रेपणाला वेगळे ओळखून त्यावर औषध लिहिणारा वैद्य किती बारकाईने पाहत असेल! पुढे ११७८ साली हान यांझी नावाच्या अधिकाऱ्याने केवळ या फळांवर पुस्तक लिहिले, त्यात सत्तावीस जाती वर्णन केल्या आहेत.

युरोपात नारिंग अरबांकडून सिसिली आणि स्पेनमार्गे पोचले. तिथे फळापेक्षा फुलांचे कौतुक अधिक झाले. नारिंगाच्या फुलांचा अर्क काढायचा आणि घाबरलेल्याला, रडणाऱ्या मुलाला, झोप न येणाऱ्याला पाण्यातून द्यायचा, ही स्पेन आणि फ्रान्समधल्या घरोघरची रीत. लेबनॉनमध्ये आजही जेवणानंतर गरम पाण्यात हा अर्क घालून पितात आणि त्याला 'पांढरी कॉफी' म्हणतात, कॉफीचा एक दाणा नसताना! सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या नेरोला या जहागिरीच्या राणीने या फुलांचे तेल हातमोज्यांना लावायला सुरुवात केली, तेव्हापासून त्या तेलाचे नाव 'नेरोली' पडले.

या वाटेचा एक फाटा तर थेट आपल्या घरांत आला. योहान मारिया फरीना नावाचा इटालियन गृहस्थ जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झाला. १७०९ साली तिथे त्याच्या घराण्याची पेढी सुरू झाली, आणि लिंबू, नारिंग, बर्गामोट यांच्या तेलांपासून केलेले त्याचे सुगंधी पाणी जगभर गेले. तेच आपले कोलनवॉटर! माझ्या पिढीतल्या कोणालाही विचारा. ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या. त्या घडीने ताप किती उतरायचा कोण जाणे, मद्यार्क उडून जाताना गारवा मिळायचा एवढे खरे. पण तो वास आला की आई उशाशी बसली आहे हे डोळे न उघडता कळायचे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

आता या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. तो जमिनीवरचा नाही, समुद्रावरचा आहे.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला हे आपण सगळे शाळेत शिकलो. तो परत कसा गेला हे सहसा शिकवत नाहीत. कारवारजवळ गोव्याच्या हद्दीत अंजदीव नावाचे बेट आहे. तिथून ५ ऑक्टोबर १४९८ ला त्याची जहाजे निघाली. वारे उलटे होते. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. ताज्या फळांचा, भाजीचा पत्ता नाही. हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले, आणि या टप्प्यात तीसेक माणसे मेली. रोग स्कर्व्ही. जानेवारी १४९९ मध्ये ते मालिंदीला पोचले तेव्हा आजारी खलाशांनी कशाचा ध्यास घेतला होता? नारिंगांचा! गामाने मुद्दाम माणूस पाठवून ती आणवली असे त्या सफरीच्या रोजनिशीत नोंदलेले आहे. अनेकांच्या बाबतीत मात्र फार उशीर झाला होता.

स्कर्व्ही म्हणजे हिरड्यांतून रक्त येणे, एवढेच आम्ही मुलांना सांगत असू. पण या रोगाची सुरुवात पुष्कळदा मनापासून होते. माणूस उदास होतो, कशात लक्ष लागत नाही, विनाकारण भीती वाटते. थॉमस ट्रॉटर नावाच्या इंग्रज आरमारी डॉक्टराने १७९२ साली याचे वर्णन केले. स्कर्व्ही झालेल्या खलाशांना हिरवी शेते आणि वाहते झरे यांची स्वप्ने पडत, जाग आल्यावर ते लहान मुलासारखे रडत. डॉक्टराने याला घरच्या ओढीचा एक प्रकार मानले. कल्पना करा, तोफेपुढे न डगमगणारे दणकट गडी, आणि एका फळाच्या आठवणीने हुंदके देणारे.

यावरचा उपाय सिद्ध केला जेम्स लिंड याने. १७४७ च्या मे महिन्यात 'सॅलिसबरी' या युद्धनौकेवर त्याने बारा आजारी खलाशी घेतले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना एकच. एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी, असे करत एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसऱ्याला बाकीच्यांच्या शुश्रूषेवर नेमले! लिंडचे पुस्तक १७५३ साली आले. इंग्रज आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ साली. म्हणजे पुराव्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. सरकारी कागद तेव्हाही असाच हलत असे, दुसरे काय!

कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने १९२८ साली एक द्रव्य वेगळे केले, तेच पुढे 'क' जीवनसत्त्व ठरले. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतला एक निरोप्या दुसऱ्या निरोप्यात बदलण्यासाठी (डोपामिनचे नॉरअॅड्रेनालिन होण्यासाठी) हे जीवनसत्त्व लागते. ते संपले की हिरडीबरोबर मनही खचते. त्या खलाशांचे रडणे हा भित्रेपणा नव्हता, ती उपासमार होती.

तर लिंबू-संत्र्याने मनाचा घोर घालवला याचा इतिहासातला पक्का पुरावा हाच. पण तो नीट वाचायला हवा. फळाने घोर गेला, कारण तो घोर त्या फळाच्या अभावाने आलेला होता. यावरून 'कुठल्याही घोरावर संत्रे चालते' असे निघत नाही. दिव्यात तेल नसेल तर तेल घातल्यावर उजेड पडतो. पण दिव्याची वातच भिजलेली असेल तर? माझी भाची काही अंजदीवहून निघालेल्या जहाजावर नाही. तिच्या फ्रिजमध्ये बाराही महिने मोसंबी असते.

मग वासाचे काय? त्याच्यावरही हल्लीच्या काळात प्रयोग झाले आहेत. व्हिएन्नामध्ये २००० साली दातांच्या दवाखान्यात ७२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींच्या प्रतीक्षेच्या खोलीत संत्र्याचा वास सोडला, काहींच्या नाही. वासाच्या खोलीतल्या बायकांना भीती कमी वाटली, मन प्रसन्न वाटले. पुरुषांवर तसा परिणाम दिसला नाही. (यावर आमच्या घरी बराच वाद झाला. तो इथे देत नाही.) २०१३ साली इराणमधल्या इस्फहानला दातांच्या उपचारासाठी आलेल्या सहा ते नऊ वर्षांच्या तीस मुलांवर असाच प्रयोग झाला. वास असताना त्यांची नाडी आणि लाळेतले ताणाचे संप्रेरक, दोन्ही कमी आढळले. ब्राझीलमध्ये २०१६ साली रक्ताच्या कर्करोगाचे ४२ रुग्ण घेतले. हाडातला मगज काढण्याच्या तपासणीआधी नारिंगाच्या तेलाचा वास दिला, आणि त्यांची काळजी कमी झाली.

म्हणजे यात काही तथ्य आहे हे नक्की. वासाची नस मेंदूतल्या भीती आणि आठवणी यांच्या ठिकाणांशी अगदी जवळून जोडलेली असते, डोळा आणि कान यांचे निरोप तिथे जास्त वळसा घेऊन जातात. कोलनवॉटरच्या वासाने आई आठवते ती यामुळेच. मग प्रयोगातल्या माणसाला संत्र्यातल्या द्रव्याने बरे वाटले, की संत्र्याबरोबर आलेल्या कुठल्या सुट्टीच्या, कुठल्या अंगणाच्या आठवणीने? हे वेगळे करणे कठीण आहे. शिवाय गोळीच्या प्रयोगात साखरेची खोटी गोळी देता येते, पण संत्र्याचा खोटा वास कसा देणार? ज्याला वास आला त्याला कळतेच.

आणि दुसरी गोष्ट. हे प्रयोग घटकाभराच्या भीतीवरचे आहेत. दाढ काढायची आहे, सुई टोचायची आहे, अर्ध्या तासात संपणारी भीती. जी भीती कारण नसताना येते आणि महिनोन्‌महिने मुक्काम करते, ती वेगळी.

राहिला तो जपानचा प्रयोग. तो खरा आहे, १९९५ साली प्रसिद्ध झालेला. पण त्यात वास दिलेले रुग्ण होते अवघे बारा, आजार होता नैराश्याचा, आणि गोळ्यांचे प्रमाण कमी केले ते डॉक्टरांनी, स्वतःच्या देखरेखीखाली. 'लिंबाचा वास घेतला आणि गोळ्या सुटल्या' हे त्या निरोपातले वाक्य मूळ निबंधातले नव्हे. दहा हातांतून फिरताना बारा माणसांचे 'हजारो' होतात आणि डॉक्टर गळून पडतात. बखरीतल्या सैन्याचे आकडे असेच फुगतात, ते आम्ही वर्गात शिकवतच होतो.

म्हणून भाचीला स्पष्ट लिहिले. गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही सोडायच्या नाहीत. एकदम सोडल्या तर त्रास उलटू शकतो. कमी करायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील, त्यांच्याशी बोल. वास आवडत असेल तर खुशाल घे. पण ते तेल पोटात घ्यायचे नाही, आणि बर्गामोट किंवा लिंबाचे तेल अंगाला लावून उन्हात जायचे नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. १९८९ साली कॅनडात योगायोगाने लक्षात आले की ग्रेपफ्रूटचा रस घेतला की रक्तदाबाच्या एका गोळीचे रक्तातले प्रमाण कितीतरी वाढते. आतड्यातले जे द्रव्य औषध मोडते, त्यालाच हा रस बांधून ठेवतो. कोलेस्टेरॉलच्या आणि मनाच्या आजारावरच्याही काही औषधांचे असेच होते. आपले पपनस आणि आंबट नारिंग हे त्याच घरातले. साध्या संत्र्या-मोसंबीची तशी भीती नाही. तेव्हा गोळ्या चालू असणाऱ्या मंडळींनी पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गणपतीच्या दिवसांत तर विशेष!

लिंबाचा आणि भीतीचा आपल्याकडचा आणखी एक संबंध आहे, तो सांगायलाच हवा. दारावर लिंबू-मिरची, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू, आजाऱ्यावरून उतरून तिठ्यावर टाकलेले लिंबू. माझा यावर विश्वास नाही, कधी नव्हता. पण त्यामागची भीती मात्र खरी असते. भीतीला रूप नसते, म्हणून ती फार छळते. तिला एखाद्या वस्तूत घालून घराबाहेर टाकता आले की माणसाला घटकाभर सुटल्यासारखे वाटते. त्याहून शहाणी रीत एसटीतली. घाट लागला की बायका पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरत, शेजारच्या अनोळखी पोरालाही देत. त्या पोराला लिंबाने बरे वाटायचे की कोणीतरी विचारले म्हणून? दोन्हींनी, असे मला वाटते.

शेवटी माझ्या माहेराविषयी. माझे माहेर मोर्शी तालुक्यातले, घरी संत्र्याची लहानशी बाग. नागपूरच्या भोसल्यांनी, रघुजीराजांनी, अठराव्या शतकात औरंगाबादेहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही झाडे आणली असे सांगतात. आमच्या वडिलांनी जंबेरीच्या खुंटावर डोळे भरलेली कलमे लावली होती. आमच्याकडे 'ताण' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माणसाच्या बाबतीत नाही, झाडाच्या बाबतीत. आंबिया बहर धरायचा तर थंडीत बागेचे पाणी तोडतात. याला 'बाग ताणावर सोडणे' म्हणतात. पाने मलूल होतात, थोडी गळतात, झाडाची वाढ थांबते आणि साठवलेले बळ फुलाकडे वळते. मग जानेवारीच्या सुमारास पाणी देऊन 'ताण तोडतात', आणि काही आठवड्यांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते. रात्री ओसरीवर बसले की असा घमघमाट येतो की बोलू नये असे वाटते.

आणि त्याच घमघमाटात बाबा रात्र रात्र जागे असायचे. फुले टिकतील का, गारपीट होईल का, फळगळ किती होईल, व्यापारी काय भाव देईल. आता माझा भाऊ जागतो. मागे एका वर्षी पाऊस लांबला, डिंक्या आला, वीस वर्षे जपलेली झाडे उभ्या उभ्या वाळली. दादा ऐंशीला टेकलेला माणूस, वाळलेल्या खोडावर हात ठेवून नुसता उभा होता. जगातले महागडे अत्तर त्याच्या दारात फुकट दरवळते, पण त्याच्या जिवाचा घोर त्याने जात नाही. नुसत्या वासाने काळजी जात असती तर वरूड-मोर्शीचा शेतकरी सगळ्यांत निश्चिंत असायला हवा होता!

दादाला मी एकदा विचारले, ताण किती दिवस द्यायचा? तो म्हणाला, "जमीन पाहून. हलकीला कमी, भारीला जास्त. पण झाडाकडे रोज पाहायचं. पानं सांगतात. तोडायची वेळ चुकली की फूलही जातं अन्‌ झाडही जातं."

झाडाचा ताण तोडायला पाणीच लागते, झाडाला त्याच्याच फुलांचा वास देऊन भागत नाही. माणसाचेही तसेच असावे. कोणाला औषध लागते, कोणाला झोप, कोणाला पिकाचा भाव, कोणाला नुसते विचारणारे माणूस. संत्र्याचा वास त्याच्या जोडीला असला तर उत्तमच.

तुमच्या घरी लिंबू, संत्रे, महाळुंग यांच्या अशा काही रीती असतील तर जरूर कळवा. विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी, कारण तिकडचे मला फारसे ठाऊक नाही. आणि हो, घरात कोणी बरेच दिवस मलूल दिसत असेल, तर पानं काय सांगतात ते बघा.